आधी गोष्ट, मग पुस्तक

पवईला ग्रंथपालांच्या परिषदेत माझा निबंध वाचून झाला. चहाच्या वेळी एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले. खांद्याला परिषदेत वाटलेली पिशवी होती.

"मॅडम, पुस्तकांच्या बारकोडचं तुम्ही फार सोपं करून सांगितलंत. आमच्या गावच्या वाचनालयाला जमेल का हो?"

मी बघतच राहिले. तळकोकणातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचे हे ग्रंथपाल. मी त्यांना काका म्हणायचे.

आमच्या घरात तेव्हा छापील असं रेशनकार्डच काय ते होतं. आई काजूच्या कारखान्यात जायची. शाळा सुटली की मी वाचनालयात. काकांचा मुलांसाठी एक नियम होता: "आधी गोष्ट, मगे पुस्तक." जुनं पुस्तक परत करताना त्यातली गोष्ट सांगायची, मग नवीन मिळणार. ते कोपर टेबलावर टेकवून डोळे मिटायचे. माझ्या मागे पेन्शनर मंडळी ताटकळत उभी राहायची, पण काका हलायचे नाहीत. मी घाईघाईने शेवटावर उडी मारली की म्हणायचे, "मधला खंय गेला गो? परत सांग." आज कॉलेजची ग्रंथपाल म्हणून मी मुलांसमोर न अडखळता उभी राहते, ती त्या टेबलासमोर उभी राहिल्यामुळे.

दहावीनंतर मामाने मला मुंबईत चारकोपला शिकायला आणलं. निघायच्या दिवशी शेवटचं पुस्तक परत करायला गेले, तर काका वाचनालयाच्या कामासाठी जिल्ह्याला गेलेले. पुस्तक टेबलावर ठेवून आले. गोष्ट तशीच राहिली.

मी म्हटलं, "काका, मी काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बाईंची मुलगी. शाळा सुटली की वाचनालयात यायची ती."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. मग शेजारच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांना हाक मारली. "अहो, इकडे या! ह्या मॅडम आमच्या वाचनालयातल्या!"

"काका, मला मॅडम काय म्हणता?"

"मग काय म्हणू? व्यासपीठावर बसता तुम्ही."

त्यांचा आनंद खरा होता. दिवसभर ते मला ओळखीच्या माणसांकडे नेत राहिले आणि प्रत्येकाला सांगताना त्यांची मान ताठ होत होती. मला मात्र त्यांच्या तोंडून एकदा, आमच्याकडे घरच्या मुलीला म्हणतात तसं, 'गो' ऐकायचं होतं. मामा गेल्यापासून मुंबईत मला 'गो' म्हणणारं कोणी उरलेलं नाही. पण हे मागून कसं घ्यायचं?

संध्याकाळी फाटकाशी काका आणि ते शेजारचे ग्रंथपाल गावाकडच्या गाडीची वाट बघत उभे होते. मी धीर केला.

"काका, एक गोष्ट सांगायची राहिलीय. तुम्ही जिल्ह्याला गेला होतात, त्या दिवसाची."

ते गोंधळले. मी सुरुवातच केली. एका गवळी-धनगराच्या मुलीची म्हैस हरवते आणि ती एकटी डोंगरात शोधायला निघते. गाडी येईल म्हणून मी भरभर बोलत होते. पहिला डोंगर, ओढा, वाटेत भेटलेली आंधळी म्हातारी. काकांनी पिशवी खाली ठेवली. टेबल नव्हतं, म्हणून कोपर फाटकाच्या कठड्यावर टेकवलं आणि डोळे मिटले.

"हळू सांग गो," ते म्हणाले. "धावतंस कित्याक?"

मी थांबले. पुन्हा ओढ्यापासून सांगायला घेतलं, सावकाश. दुसऱ्या डोंगरावर पोचलो तोच गाडी आली.

"अहो, चला! पनवेलला जेवायला थांबायचंय," सोबतचे गृहस्थ ओरडले. काका चढले. खिडकीतून त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"म्हैस गावली काय गो?"

शेवट एका शब्दात सांगता आला असता. पण मधला तिसरा डोंगर राहिला होता, आणि मधलं गाळलेलं त्यांना कधीच चाललं नव्हतं. मी नुसता हात हलवला. गाडी वळणाआड गेली तरी मी फाटकाशीच उभी होते.