आजीला थांबवलं कोणी

आमचे मालक रशियन, पण घर फ्रान्समध्ये, नीसला; तिथे मास्तर पुष्कळ आले नि गेले. रशियन शिकवणारे आर्सेनी लुकिच तेवढे टिकले. खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा, स्वभावाने गरीब. जेवायला मालकांच्या टेबलाशी बसायचे, पण पार टोकाला. वाढप तिथवर पोचेपर्यंत काही उरायचं नाही, मग पोट भरायला माझ्या स्वयंपाकघरात यायचे. मी वाढायचे आणि चार शब्द सुनावायचेही. कारण शिकवण्यात हे गृहस्थ अगदीच ढिले. मालकांचा प्लातोन सात वर्षांचा झाला तरी पोराला फ्रेंचशिवाय बोलता येईना. त्याने तोंड वाकडं केलं की त्याची आई, आमच्या बाईसाहेब, म्हणायच्या, राहू द्या आज; की यांनी पुस्तक मिटलंच.

त्या हिवाळ्यात प्लातोनची आजी, ग्लाफिरा इग्नात्येव्ना, रशियातल्या तांबोवहून छातीचं दुखणं घेऊन आल्या. व्यापाऱ्याच्या घरातून फ्रेंच बोलणाऱ्या सरदारांच्या घरात पडलेली बाई, फ्रेंचचं अक्षर येत नव्हतं. त्यामुळे नातवाशी बोलायला मध्ये मास्तर लागायचे. हवा काही मानवली नाही. डॉक्टर म्हणाले, जायचं तर आत्ताच जा, नंतर प्रवास झेपणार नाही. आजीबाईंना नवऱ्याशेजारी, आपल्या गावच्या मातीत पडायचं होतं. पेट्या बांधून झाल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या प्लातोनकडे बघत मास्तरांना म्हणाल्या, "विचारा त्याला. जाऊ, की राहू?"

पोरगं खेळण्यातलं घोडं फिरवत होतं. वर न बघता फ्रेंचमध्ये म्हणालं, "जाऊ दे तिला. तिच्या खोलीत घाण वास येतो."

मास्तर आजीबाईंकडे वळले. मग म्हणाले, "राहा म्हणतोय."

बाई इतक्या खुलल्या की काय सांगू. पेट्या सोडायला लावल्या. बाजारहाट करून मला फ्रेंच चांगलं कळतं. स्वयंपाकघरात मी मास्तरांना फाडून खाल्लं. आत्ताच्या आत्ता जाऊन खरं सांगा म्हटलं. ते एवढंच म्हणाले, की मी नीट शिकवलं असतं तर दोघं आपसांत बोलली असती, वासाचं कधी निघालंच नसतं.

ईस्टरच्या आधीच आजीबाई वारल्या. इथेच टेकडीवर पुरलं त्यांना, समोर समुद्र. समुद्राची त्यांना भीती वाटायची.

त्यानंतर मास्तरांच्या अंगात आलं म्हणा. पोराने रडून गोंधळ घातला, बाईसाहेबांनी कटकट केली, तरी धडा चुकला नाही. प्लातोन सोळाचा झाला तोवर माझ्या गावच्या माणसासारखं रशियन बोलायला लागला. मास्तरांचं सगळं आयुष्य त्या एका पोरात गेलं. लग्न नाही, घर नाही.

यंदा आजीच्या स्मरणदिवशी मी गहू शिजवून मध-मनुका घालत होते. मास्तर समोर बसलेले. प्लातोन आत आला आणि दाराशीच थांबला. "उस्तिन्या," तो म्हणाला, "मला आठवत नाही, पण घरात सगळे सांगतात, मी राहा म्हटलं म्हणून आजी राहिली. मी गप्प बसलो असतो तर ती आपल्या घरी जाऊन मेली असती. मला हे सहन होत नाही."

मी डोळ्यांनी मास्तरांना खुणावत होते, बोलू नका. पण त्यांना तरी ते ओझं किती वर्षं पेलवणार? ते उठले आणि सगळं सांगून टाकलं. वासाचं सुद्धा. स्वतःच्या मनावरचा धोंडा उचलला नि पोराच्या छातीवर ठेवला, दुसरं काय. प्लातोन ऐकत उभा राहिला, मग न जेवताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नेहमीसारखं पुस्तक उघडलं. प्लातोनने ते मिटलं आणि फ्रेंचमध्ये, अगदी अदबीने सांगितलं, "यापुढे मला ही भाषा नको."

मास्तर म्हणाले, "अरे, तुझ्या आजीची आहे ती."

"म्हणूनच," तो म्हणाला.