कुठं अडलंय?

आमची अर्पिता कोच आहे. आमच्या मावला गावात हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कबड्डीची की खो-खोची? मी तिचा काका, महसूल खात्यातला कारकून. एकच गोष्ट दोनदा समजावून सांगायचा मला भयंकर कंटाळा, पण पुतणीसाठी सांगतो. हैदराबादच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर बनवणारे काही जण आहेत. मोठं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही, पंधरवड्यात संपेल एवढंच घ्यायचं, करून दाखवायचं, चुकलं तर तिथंच सुधारायचं, असं ती त्यांना शिकवते. याला अजाईल म्हणतात. हे सगळं घरी बसून. बसून म्हणजे उभ्यानं. रोज सकाळी ती लॅपटॉप फ्रिजवर ठेवते आणि तिकडे टीममधले सगळे आपापल्या घरी उभे राहतात. काल काय केलं, आज काय करणार आणि कुठं अडलंय, एवढंच प्रत्येकानं सांगायचं. उभं राहिलं की माणूस पाल्हाळ लावत नाही म्हणे.

पहिल्या दोन प्रश्नांना सगळे धडाधड उत्तरं द्यायचे. तिसऱ्याला मात्र एकच उत्तर: काही अडलं नाही.

"काका, अडलं त सांगत काऊन नाईत हे लोक?" ती वैतागायची. "मंग शेवटी सारंच काम बुडते."

"शायने हायेत ते. आमच्या कचेरीत अडलं म्हननाराच पयले अडकते."

"तुमच्या कचेरीत असन तसं. माह्या टीममंदी नाई."

आणि ती हट्टाला पेटली. इथं बोललेल्या गोष्टीबद्दल कुणाला दोष लागणार नाही, असा तिनं शब्द दिला. स्वतःच रोज सांगायला लागली, आज मी इथं अडले, मला मदत करा. कितीतरी महिने समोरून काही नाही. मी आपला चहा पीत गंमत बघायचो.

मग एक दिवस रंजीता बोलली. ही आमच्याच भागातल्या मुधोळची मुलगी, नवीनच लागलेली, घरात पगार आणणारी पहिलीच. म्हणाली, तपासणीचा भाग मला कळतच नाहीये, इतके दिवस कळल्यासारखं दाखवत होते.  मग टीममधला एक जुना माणूस म्हणाला, ये, मी बसतो तुझ्यासोबत. संध्याकाळपर्यंत तिचं अडलेलं काम मार्गी लागलं. त्या दिवसापासून बाकीचेही बोलायला लागले. अर्पितानं घरी शिरा केला आणि मी हरलो म्हणून दोनदा मागून खाल्ला.

पुढं एकदा वरच्या साहेबांनी फोनवर विचारलं, टीम कशी आहे? पोरीचा आनंद पोटात मावत नव्हता. तिनं रंजीताचीच गोष्ट सांगितली. अडली होती, पण किती मोकळेपणानं बोलली, सगळ्यांनी तिच्याकडून शिकावं. साहेब म्हणाले, व्हेरी गुड.

काही दिवसांनी कंपनीनं माणसं कमी करायला घेतली. त्यात रंजीता निघाली. कारण काय, तर काम जमत नाही, हे तिनं स्वतःच कबूल केलं आहे.

अर्पितानं साहेबांना फोन लावला. आधी तिची हिंदी मला अंगणापर्यंत ऐकू येत होती, मग हळूहळू बसत गेली. साहेबांचं म्हणणं एवढंच: तुम्हीच तर सांगितलं होतं.

"मी त कौतुक केलं होतं तिचं, काका," ती म्हणाली आणि ताटावरून उठली. 'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य मी केव्हापासून तयार ठेवलं होतं. ते बाहेर निघेना. मला साहेबाचा राग आला आणि माझाही, कारण माझंच म्हणणं खरं ठरलं होतं.

दुसऱ्या सकाळी लॅपटॉप पुन्हा फ्रिजवर. अर्पितानं सगळ्यांपुढं सांगितलं, रंजीताची गोष्ट माझ्याच तोंडून वर गेली, चूक माझी आहे.  मग तिनं एकेकाला विचारलं, कुठं अडलंय? काही नाही, काही नाही, काही नाही. रंजीतासोबत बसला होता तो जुना माणूसही म्हणाला, काही नाही.

रविवारी रंजीताचा फोन आला. अर्पिता भाजी निवडत होती, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"जयभीम, ताई. उद्या एका कंपनीत इंटरव्ह्यू हाये. ते इचारतीन, कामात कुठं अडते म्हनून. तुमी शिकवलं तसं खरं सांगू ना?"

अर्पितानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. याच एका गोष्टीवरून ही पोरगी माझ्याशी वर्षभर भांडली होती, आणि आज मला मनापासून वाटत होतं की तिनं अजून भांडावं.

"नोको सांगू," ती म्हणाली. "काईच अडत नाई म्हन."

"बरं, ताई," रंजीता म्हणाली. तिचा ताईवर अजूनही तेवढाच विश्वास होता.