एसी बंद करा, मंग कार्ड दाखवा

वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर तातेराव आणि सत्यशीला या नवरा-बायकोचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग तो करी; कॉम्प्युटरवरचं मिक्सिंग आणि सीडीतलं निवेदन तिचं. पंचक्रोशीत तिला चेहऱ्यानं कमी आणि आवाजानंच जास्त लोक ओळखत.

पण थ्रीडी टायटलांची फॅशन आली आणि कॉम्प्युटरमधलं जुनं ग्राफिक्स कार्ड तापू लागलं. त्याच्या पंख्याची घरघर निवेदनात अशी शिरे, की नवरी सासरी निघाली तरी मागं पिठाची गिरणी चालूच! गिऱ्हाइकं कुरकुरली.

"जालन्याचा एक माणूस त्याच्याकडंच आवाज भरून देतो. विचारून ठेवलंय. त्याला सांगू का?" तातेराव म्हणाला.

आवाज गेला तर सत्यशीलाचं राहिलं काय?

"आधी कार्ड बदलू, मंग माणूस," ती म्हणाली. उन्हाळ्यात कूलर घ्यायला ठेवलेले पैसे घेऊन, पिशवीत स्वतःचा माइक आणि हेडफोन टाकून ती जालन्याला निघाली.

दुकानदार गयासोद्दीनभाईंनी तीन कार्डं काढली. "ताई, तिन्ही बिलकुल थंडी. कागदावर लिहेलं हाय."

"हातच्या काकणाला आरसा कशाला, भाई? थंडी तुमच्या एसीची हाय. आमच्या डोक्यावर पत्रा हाय. एसी बंद करा, मंग दाखवा."

भाई हसले, पण एसी बंद करून एकेक कार्ड दुकानातल्या मशीनमध्ये बसवू लागले. तिनं मशीनजवळ माइक ठेवला, हेडफोन चढवला. स्वस्तातलं कार्ड पाच मिनिटांतच बोंबलायला लागलं. दुसऱ्याला पंखाच नव्हता. ते अगदी मुकं! ती हरखली, पण वीस मिनिटांत ते तापलं आणि पडद्यावर रेघोट्या उमटल्या. तिसऱ्याचा पंखा तळहाताएवढा, निवांत फिरणारा. अर्धा तास झाला. भाईंचा सदरा भिजला, हेडफोनात मात्र चिडीचूप. किंमत पहिल्याच्या दुप्पट, तिच्याजवळच्या पैशांहून दोनशे जास्त.

"दोनशे माफ," भाई घाम पुसत म्हणाले, "पर जल्दी एसी चालू करू द्या!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दार लावून तिनं नवरीची पाठवणी रेकॉर्ड केली. पत्रा तापला होता, दोघं घामानं निथळत होती. तातेरावनं हेडफोन लावून ऐकलं.

"मशीन चालू हाय का बंद?"

तिनं नुसतं पडद्याकडे बोट केलं. नवरा-नवरीची नावं सोनेरी अक्षरांत गरगर फिरत होती.

तातेरावनं फोन उचलून जालन्याचा नंबर लावला. "न्हाई, आता रेकॉर्डिंग नको," तो म्हणाला. "आवाज घरचाच हाय."