त्या पुस्तकातले ‘तुम्ही’

आमच्या आत्याला आयुष्यात कोणी ‘अहो’ म्हटलेलं मला आठवत नाही. घरात ती आम्हा सगळ्यांची ‘तू’. शेजाऱ्यांची ‘ए आत्या’. दवाखान्याच्या रांगेत ‘सरक पुढे’. आणि जिथे तिने उभी हयात काढली त्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तर विचारायलाच नको. तिथला मालक तिच्याहून कितीतरी लहान. त्याच्या वडिलांच्या काळात आत्या कामाला लागली तेव्हा हा टेबलाखाली बसून कागदाच्या कात्रणांशी खेळायचा आणि त्याचं शेंबडं नाक पुसायचं काम आत्याच्या वाट्याला यायचं. आता तो तिला ‘तू’ म्हणतो. जास्तीचं काम करून घ्यायचं असलं की हा ‘तू’ लाडाचा असतो. चूक काढायची असली की तोच ‘तू’ पायातल्या वहाणेसारखा हातात येतो.

आत्याचं काम सांगायला सोपं. छापलेले मोठे कागद घड्या घालून येतात. अशा एका घडीला फर्मा म्हणतात. एका पुस्तकाचे असे बरेच फर्मे. लांबलचक टेबलावर त्यांचे ढीग ओळीने मांडायचे आणि टेबलाच्या कडेने चालत प्रत्येक ढिगातून एकेक उचलायचा. टोकाला पोचेपर्यंत हातात पुस्तक तयार. मग पुन्हा पहिल्या ढिगाशी. दिवसभर हेच. एक फर्मा चुकला तर पुस्तकातली माणसं मेल्यानंतर जन्माला येतात. आत्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. ती गप्पा मारायची, शेजारी फर्मे शिवत बसणाऱ्या शिलाईवालीची टिंगल करायची, मालकाच्या पोटाकडे बघून “दिवस किती राहिले रे?” असं विचारायची आणि हात आपले बिनचूक चालायचे.

मग ते पुस्तक आलं.

नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात नको. शरीर आणि सवयी बदलून आयुष्य कसं पालटायचं, असं काहीतरी. मागच्या कव्हरवर लेखकाचा फोटो. हाताची घडी, शुभ्र दात, आणि जगातला प्रत्येक माणूस आपल्यासारखाच सकाळी मोकळा असतो असा दांडगा विश्वास. पुस्तक धो धो खपत होतं. आवृत्तीमागून आवृत्ती आत्याच्या टेबलावर येत होती. स्वतः मालकाने ते वाचलं, सकाळचं खाणं सोडलं आणि त्याचं पोट खरंच उतरलं. खोटं कशाला बोलू? तो कारखानाभर पॅन्ट ओढून दाखवत हिंडायचा.

आत्याने एक बाद प्रत घरी आणली. बाद म्हणजे, मशीनवर घड्या घालणाऱ्याच्या चुकीने तिच्यात एक फर्मा दोनदा आणि एक गायब. विकायला निरुपयोगी, वाचायला फुकट. आमची आत्या हिशोबापुरतं शिकलेली. इतकी वर्षं पुस्तकं हाताळली, पण घरी आणून वाचलेलं हे पहिलंच. मी चिडवायचो, “काय आत्या, परीक्षा आहे का?” ती चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, “तू मोबाईलच्या दुकानात काचा पूस. शिकलेल्यांच्या मध्ये बोलू नकोस.”

मग ती सकाळी खाईना. “नाश्ता?” “दुपारपर्यंत पोटाला विसावा द्यायचा.” मी हसलो. आई म्हणाली, “बरं आहे, तेवढंच हलकं वाटेल.” आम्ही सगळेच शहाणे.

आत्याला साखरेचा आजार आहे. सकाळी उठली की ती पोटात सुई टोचून घेते, इन्सुलिनची. ती तिने कधी चुकवली नाही. डॉक्टरीणबाईंनी दटावून सांगितलं होतं, सुई चुकवायची नाही. पुस्तकाने समजावून सांगितलं, सकाळी खायचं नाही. आत्याने दोघांचंही ऐकलं. आज्ञाधारक बाई. आयुष्यभर तिने तेच तर केलं.

थोड्याच दिवसांत ती बदलली. सकाळच्या वेळी उगाच खेकसायची. शिलाईवालीशी, जिच्याशी ती हसल्याशिवाय बोलत नसे, तिच्याशी भांडली. हात थरथरायचे, पंख्याखाली घाम फुटायचा. आणि एक दिवस दुकानदाराकडून त्याच पुस्तकाचा अख्खा गठ्ठा परत आला. फर्मे मागेपुढे. तिसऱ्या प्रकरणात लोक बारीक झालेले आणि पाचव्यात पुन्हा जाड.

मालकाने तिला सगळ्यांदेखत उभं केलं. “डोळे फुटले का तुझे? एवढा माल कोण भरून देणार?”

आत्या काहीतरी बोलली, ते कोणालाच कळलं नाही. जीभ जड झाली होती. ती पहिल्या ढिगाशी गेली, फर्मा उचलला, पुन्हा तोच उचलला, पुन्हा तोच.

“वय झालं तुझं,” मालक म्हणाला. “हा महिना संपव आणि घरी बस.”

शिलाईवालीने मला फोन केला. मी पोचलो तेव्हा आत्या स्टुलावर होती, चिंब भिजलेली, नजर कुठेतरी भलतीकडे. मला तिने माझ्या बापाच्या नावाने हाक मारली. शिलाईवाली तिला साखर घातलेला चहा घोटाघोटाने पाजत होती, आणि थोड्या वेळाने आत्या माणसात आली. “तू इथे कशाला? कामावरून काढलं का?” हा पहिला प्रश्न. मग आजूबाजूला बघून तिला आठवलं, काढलं कोणाला ते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “सकाळी काय खाल्लं होतं?”

“काही नाही.”

“आणि सुई?”

“घेतली की. ती कशी चुकवणार?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “सुई घेऊन उपाशी? अगं मावशी, अशी माणसं झोपेतून उठत नाहीत! कोणी सांगितलं हे?”

“पुस्तकात आहे,” आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज शाळेतल्या पोरीसारखा बारीक झाला.

घरी आल्यावर मी तिच्यावर तोंड सोडलं. “तुला अक्कल नाही? छापलेलं दिसलं की गिळायचं? तुला काय माहीत नाही, कागदावर काय वाट्टेल ते छापतात? तूच बांधतेस ना?”

तिने उशीखालून पुस्तक काढलं. “हे वाच.”

मी वाचलं. ‘तुम्ही थकला आहात. तुम्ही सगळ्यांसाठी खपलात, पण तुमच्याकडे कोणी बघितलं? तुम्ही स्वतःसाठी एवढं कराल ना?’

“मग?”

“तुम्ही म्हणतोय,” आत्या म्हणाली. “पानापानावर. मला वाटलं, माझ्याशीच बोलतोय.”

मी पुस्तक मिटलं. नंतर मी म्हणालो, “मग मीही तुम्ही म्हणू का?”

“नको. तुझ्या तोंडी परकी वाटेन.”

पुस्तक माझ्या हातात राहिलं. पानं चाळताना ती उडी दिसली, मधला गायब फर्मा. डोक्यात प्रकाश पडला. नक्कीच तिथे लिहिलं असणार की अमुक आजार असेल तर हे करू नका, सुई घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाद प्रतीने घात केला! मला जवळजवळ आनंद झाला. कोणावर तरी नेम धरता येत होता.

मी तडक प्रकाशकाच्या ऑफिसात गेलो. गोड माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं, बाद प्रत बघून हळहळला आणि धडधाकट प्रत माझ्या हातात ठेवली. मी तिथेच उभ्याउभ्या तो फर्मा उघडला.

एका व्यापाऱ्याची गोष्ट होती. सकाळचं खाणं सोडल्यावर त्याला लग्नातला सूट पुन्हा कसा आला, त्याची. बायको कशी लाजली, तेही. बस्स. इशारा नाही, ‘पण’ नाही, ‘परंतु’ नाही. चांगली प्रतही बादच.

“वैद्यकीय सूचना आहे ना आमची,” प्रकाशक म्हणाला आणि सुरुवातीचं पान दाखवलं. छपाईचा पत्ता, हक्क राखीव, आणि त्यांच्या खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत एक ओळ. हा सल्ला डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही. ती ओळ आत्याच्या प्रतीतही होती. ते पान कोणी वाचतं का? मी तरी आजवर वाचलेलं नाही.

“हे ‘तुम्ही’ कोण आहेत हो?” मी विचारलं.

“कोण?”

“पुस्तकातले. कोणाशी बोलतोय हा लेखक? माझ्या आत्याला सुई आहे, दिवसभर उभ्याचं काम आहे. तिच्या मालकाला केबिन आहे, पंखा आहे, आडवं व्हायला सोफा आहे. दोघंही ‘तुम्ही’?”

“हजारो लोकांना फायदा झालाय.”

“झाला असेल. तिच्या मालकाला झालाय. मी बघितलाय, पॅन्टसकट.”

“मग पुस्तकाने प्रत्येकाला विचारत बसायचं का, बाबा, तुला काय होतंय म्हणून?”

“विचारता येत नसेल तर इतक्या खात्रीने सांगू नका. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत छापा, हे सगळ्यांसाठी नाही.”

तो हसला. वाईट हसला नाही, खरंच हसला. “पहिल्या पानावर असं छापलं तर घेईल कोण?”

त्या अख्ख्या पुस्तकात इतकं खरं वाक्य नव्हतं. मी दार आपटून निघालो. दार मागे आपोआप हळूच बंद होणारं निघालं, त्यामुळे तोही राग वाया गेला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून आत्याबरोबर कारखान्यात गेलो. मालकाला सगळं सांगितलं. सुई, उपास, सगळं. तो म्हणाला, “मला लागू पडलं ते हिला का नाही पडणार? नाटकं आहेत.” पण त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती दारात येऊन पडली होती, आणि आदल्या दिवशी आत्याच्या जागी लावलेल्या माणसाने अर्धा ढीगही संपवला नव्हता. “आजचा दिवस बघतो,” तो म्हणाला. “एक प्रत जरी चुकली तरी महिनाअखेरची वाट बघायची नाही.”

आत्याने पिशवीतून डबा काढला, टेबलावर नव्या पुस्तकाच्या फर्म्यांशेजारी ठेवला आणि उघडला. उकडलेलं अंडं आणि पाव.

“ए, तू इथे खायचं नाही!” मालक ओरडला. “कागदाला डाग पडतील!”

“तुम्ही म्हणा,” आत्या म्हणाली.

“काय?”

“तू नाही, तुम्ही. ज्या पुस्तकावर तुझी पॅन्ट सैल झाली त्यात बघ. मला तुम्ही म्हणतात.”

शिलाईवालीच्या हातातली सुई थांबली. सगळा कारखाना थांबला. मालकाच्या तोंडावर इतके रंग आले-गेले की कव्हर छापायला पुरले असते.

“तुम्ही,” तो दातांतून म्हणाला, “बाहेर बसून खा.”

“बाहेर बसते. पण खाल्ल्याशिवाय फर्म्याला हात लावणार नाही. आजही नाही, उद्याही नाही.”

ती पायरीवर बसली आणि सावकाश, मालकाला दिसेल अशी, शेवटच्या घासापर्यंत जेवली. मग हात धुतले, पुसले, आणि टेबलाच्या पहिल्या टोकाशी उभी राहिली. दिवसभर मालक येऊन-जाऊन कोणतीही प्रत उचलायचा, चाळायचा आणि ठेवून द्यायचा. काही सापडत नव्हतं. व्यापारी आपल्या जागी, सूट आपल्या जागी, लाजणारी बायको आपल्या जागी, आणि मुंगीच्या पावलांची ती ओळही जिथल्या तिथे. गठ्ठे बांधून टेम्पोत चढत होते. त्यातली किती पुस्तकं कुठल्या सुईवाल्यांच्या उशीखाली जाणार, याचा विचार करून माझं डोकं फिरत होतं. आत्याचं फिरत नव्हतं. ती शिलाईवालीला चिडवत होती.

संध्याकाळी निघताना मालक केबिनच्या दारात उभा होता. महिनाअखेरचा विषय त्याने काढला नाही.

“उद्या लवकर ये,” तो म्हणाला.

आत्या थांबली. मागे वळली. चष्म्यावरून बघत राहिली.

“...या,” मालक म्हणाला.

“बघते,” आत्या म्हणाली. “खाऊन झालं की येते.”