बांधलेला गठ्ठा

२०२४ साल. मी अडुसष्ट वर्षांचा. मुखेडकडच्या आमच्या गावात शाळेनं पालकांना बोलावलं. पोरगा पुण्याला बांधकामावर, म्हणून नातीसाठी मी गेलो.

मॅडम म्हणाल्या, "आता चुकीला मार नाही. चुकेल त्याच्यासाठी टाळ्या. चुकीतूनच शिकायचं."

ऐकायला गोड. गोड बोलणं मी आधी हुंगून बघतो.

नात फळ्याजवळ गेली. बावन्नातून सत्तावीस वजा. चुकली. टाळ्या. "छान. बस खाली."

मग शाळा समितीच्या अध्यक्षाचा पोरगा. गणित तेच, चूकबी तीच. टाळ्या. पण आता मॅडमनं दहा काड्यांचा गठ्ठा सोडला. एकेक काडी त्याच्या हातात देत हातचा समजावला. नात मागून मान उंच करून बघत होती.

मी उठलो. "मॅडम, माझ्या नातीचं कुठं चुकलं?"

अध्यक्ष माझ्या लेकाच्या वयाचा. खुर्चीतूनच म्हणाला, "टाळ्या भेटल्या की, म्हाताऱ्या. आता हार घालू का?"

सगळे हसले. मॅडमबी. नातीनं मान खाली घातली.

बापानं धम्म घेतला, त्या साली मी जन्मलो. गावानं मात्र शिवाशिव सोडली नव्हती. माझ्या शाळेत गुरुजी बाकीच्यांची पाटी मांडीवर घ्यायचे. चुकलेला आकडा अंगठ्यानं पुसायचे, बरोबर लिहून द्यायचे. माझी पाटी भुईवर. लांबून छडीचं टोक. "चूक."

"कुठं, गुरुजी?" मी विचारायचो.

"तुला काय करायचंय?"

दुसरीतच शाळा सुटली. वजाबाकी मला आजबी येत न्हाई. डोकंच न्हाई आपल्याला, असं लई वर्षं धरून चाललो. त्या दिवशी खुर्चीतलं हसणं ऐकलं आन् कळलं. चूक दाखवायला जवळ यावं लागतं. टाळ्या लांबूनबी वाजतात.

शेजारच्यानं सदरा ओढला, "बसा की आता." बसलो न्हाई.

"हार ठेव तुझ्या घरी," अध्यक्षाला म्हणालो. "मॅडम, गठ्ठा सोडा."

"मीटिंग संपली," अध्यक्ष म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातल्या तुराट्या मोडल्या. दहा काड्या सुतळीनं बांधल्या. नातीचं बोट धरून वर्गात गेलो. पहिल्या रांगेत मांडी घातली, तिला शेजारी बसवलं, गठ्ठा पुढं ठेवला.

"आजोबा, मला तास घ्यायचाय," मॅडम म्हणाल्या.

"घ्या की. इथं, हिच्याजवळ बसून घ्या. गठ्ठा सुटल्याबिगर मी उठत नसतो."