दोन विहिणींची कार्डं

मुलीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघी विहिणी इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलला माझ्या स्वयंपाकघरात जेवणाच्या टेबलांवर ठेवायची नावांची कार्डं लिहीत होतो. जावयाची आई स्पेनची. विहीण म्हटली की रुसणारच, या तयारीने मी होते. ही बाई आल्या आल्या भांडी घासायला लागली.

तिचं अक्षर मोत्यासारखं. तिच्या पाहुण्यांच्या प्रत्येक नावाआधी ती मानाचं संबोधन लिहायची. पुरुष असेल तर सेन्योरचं एस-आर, लग्न झालेली बाई असेल तर सेन्योराचं एस-आर-ए, आणि पुढे टिंब. आपल्या पाहुण्यांची कार्डं मी मराठीत लिहीत होते. माझं स्वतःचं तेवढं राहिलं होतं. सकाळीच पुण्याहून जाऊबाईंनी फोनवर बजावलं होतं, की स्वतःच्या नावाआधी नीट श्रीमती लिहा, लोक नावं ठेवायला टपलेले असतात.

आमचे हे गेल्या वर्षी गेले. तेराव्यानंतर घरी आलेल्या पहिल्याच पत्रिकेवर माझं सौ. जाऊन श्रीमती आलं होतं. इतकी वर्षं मिरवलेलं सौ. कुणी विचारलंसुद्धा नाही आणि काढून घेतलं. मला त्याचा राग आला होता, अजून आहे. विहीणबाईंना मी ते सगळं इंग्रजीत सांगितलं आणि वर म्हटलं, तुमचं बरं आहे, नवरा असो नसो, सेन्योरा ती सेन्योराच.

तिने पेन खाली ठेवलं. मुलगा शाळेत असतानाच तिचा नवरा गेला होता.

"बरं कसलं?" ती म्हणाली. "तो गेला त्या दिवशी मी सेन्योरा होते, दुसऱ्या दिवशीही तीच. लोक विचारायचे, मिस्टर नाही आले? दर वेळी मलाच तोंडाने सांगावं लागायचं."

मी कोरं कार्ड ओढलं आणि माझ्या नावाआधी श्रीमती लिहिलं. स्वतःच्या हाताने पहिल्यांदाच.

तिने ते कार्ड उचललं, अक्षरांवरून बोट फिरवलं. मग स्वतःचं आधी लिहिलेलं कार्ड फाडलं आणि एक कोरं माझ्याकडे सरकवलं.

"मलाही तेच लिहून द्या."

मी लिहून दिलं. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघी तिथेच रडत बसलो.