अंतऱ्यातला परदेसी

बावीस मार्च. ऊन दाखवलेली वर्षाची ज्वारी कोठीत भरत होते. एक थर ज्वारी, वर मूठभर कडुलिंबाचा पाला. हात धुळीने माखलेले असतानाच सरांचा फोन आला. विषय उद्यापर्यंत कळवा म्हणाले.

सर म्हणजे माझ्या पीएच.डी.चे मार्गदर्शक, वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर संगीत शिकवते. ही पदवी मिळाली नाही तर तासिकेवरच म्हातारी होणार. एका जुन्या बंदिशकाराचा आजच्या ख्यालगायनावरचा प्रभाव, इथपर्यंत ठरलं होतं. बंदिशकार कोणता, एवढंच अडलं होतं. सरांना एक थोर, सर्वांना माहीत असलेले हवे होते. त्यांच्यावर कपाटभर पुस्तकं आहेत. मला हवे होते माझ्या बाईंचे वडील.

बाईंनी मला गाणं शिकवलं. त्यांचे वडील, अप्पा, कर्नाटकातून सोलापुरात आले आणि इथेच राहिले. छापलेलं काही मागे ठेवलं नाही, पण त्यांच्या बंदिशी आजही मैफलींत गायल्या जातात. कुणाच्या आहेत ते गाणाऱ्यांना माहीत नसतं. बंदिशीच्या दुसऱ्या भागात, म्हणजे अंतऱ्यात, रचणारा आपलं टोपणनाव गुंफतो. अप्पांचं टोपणनाव 'परदेसी'. अडचण तिथेच होती.

"मॅडम," सर हसले, "दर तिसऱ्या बंदिशीत परदेसी असतो. सगळे तुमच्या बाईंचे वडील का?"

"सगळे नाहीत. काही."

"मग एक अंतरा आणा, ज्यात परदेसी म्हणजे प्रियकर होऊच शकत नाही. समितीपुढे मी भांडतो."

मागणी रास्त होती. संध्याकाळी बाईंच्या घरी, सात रस्ता चौकाजवळ, गेले आणि सगळं सांगितलं. गुडघे गेल्यापासून त्या पलंगावरच असतात.

"असले अंतरे लई आहेत की," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या त्या थोर माणसाला हार घालायला रांग लागलीय. तू कशाला उभी राहतीस तिथं?"

मग गायला लागल्या. पहिल्या बंदिशीत परदेसी घर सोडून गेला होता. दुसरीत त्याचा निरोप येत नव्हता. तिसरीत सखी त्याला बोल लावत होती.

"बाई, हाही प्रियकरच झाला."

"थांब की जरा. घाई लई तुला."

चौथी त्यांनी अर्ध्यावरच सोडली.

"हे अप्पांचंच नाव, असं त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं ना?" मी विचारलं. समितीनेही विचारलंच असतं.

"अप्पा कशाला सांगतील? आई सांगायची. बघ म्हणायची, तुझा बाप स्वतःलाच गाण्यात घालतोय." मग म्हणाल्या, "आईला गाण्यातलं काही कळायचं नाही."

पहिला अंतरा त्यांनी पुन्हा म्हटला, हळू, शब्द चाचपत. ही बंदिश मी त्यांच्याकडून कितीदा तरी ऐकली आहे. 'परदेसी' या शब्दावर त्या नेहमी रेंगाळायच्या, वडिलांच्या पायाशी क्षणभर बसावं तशा. या वेळी सरळ पुढे गेल्या.

"कोण जाणे गं," म्हणाल्या. "गेलेला कुणीतरी असेल."

मी त्यांचा कुकर लावून दिला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना थोर बंदिशकाराचं नाव कळवलं. मग बाईंकडे जाऊन तेच तोंडावर सांगितलं. "बरं केलंस. पुस्तकं तरी मिळतील," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. तिथून कॉलेजात गेले. तासाला मुलींना अप्पांची बंदिश द्यायची होती. फळ्यावर राग लिहिला, ताल लिहिला. 'रचना' या शब्दापुढे जरा थांबले, आणि 'पारंपरिक' लिहून शिकवायला सुरुवात केली.